घरबसल्या शांतपणे सामना कसा पाहावा

दिवसभर मीटिंगा करून वैतागलेल्या माणसाला संध्याकाळी लागतं तरी काय? सोफा, एक थंडगार बिअर आणि समोर कॉलेज बास्केटबॉल. कुणाशी बोलणं नाही, कुणाचं ऐकून घेणं नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी-मॉरिसव्हिल पट्ट्यात घर घेतलेल्या मराठी माणसाला तर ही शांतता जमलीच पाहिजे. फक्त ती आपोआप मिळत नाही. तिच्या तयारीला साधारण जानेवारीपासून लागावं.

सगळ्यात आधी एक भांडण निवडा. भांडणाशिवाय शांत बसून करणार काय? सुदैवानं आपल्या भागात ते तयार मिळतं. डरमला ड्यूक विद्यापीठ, चॅपेल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, म्हणजे नुसतं ‘कॅरोलिना’, आणि मध्ये जेमतेम दहा मैल. गडद निळा की आकाशी निळा, एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे. आपण या दोन्हींपैकी कुठेच शिकलो नाही, ही अडचण मुळीच मानू नका. इंजिनिअरिंग सांगलीला, एमएस टेक्ससला आणि जीव ओवाळून टाकायचा ड्यूकवर, यात इथे कुणालाच काही वावगं वाटत नाही. उद्या त्याच ड्यूकनं तुमच्या लेकीला प्रवेश नाकारला, तरी कपाटातला टी-शर्ट बदलायचा नाही. निष्ठा म्हणतात ती हीच.

जुने दाखले मात्र तोंडपाठ हवेत. कॅरोलिनावाले असाल तर १९८२ ची फायनल, जॉर्जटाउनवर ६३-६२, पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनची ती बास्केट. ड्यूकवाले असाल तर १९९२, केंटकीविरुद्ध ओव्हरटाइम, शिल्लक २.१ सेकंद आणि क्रिश्चियन लेटनरचा विजयी शॉट. यातल्या एका प्रसंगी तुमचा जन्म झालेला नव्हता आणि दुसऱ्या वेळी तुम्ही कराडात प्राथमिक शाळेत होतात. तरी सांगताना “तेव्हा आपण काय खेळलो होतो!” असंच सांगायचं. ‘आपण’ हा शब्द महत्त्वाचा.

सोसण्याची आवड असलेल्यांसाठी तिसरी सोय आहे, रॅली शहरातलं एनसी स्टेट विद्यापीठ. १९८३ ला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, त्यानंतर शेवटच्या चारांत पोहोचायला २०२४ उजाडलं. त्या मार्चमध्ये पोरांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकून आपल्या गटाची स्पर्धा मारली, अकराव्या मानांकनावरून थेट फायनल फोर गाठलं आणि तिथे पर्ड्यूकडून हरले. महाराष्ट्राच्या रणजी संघावर प्रेम करणाऱ्यांना हा संघ विशेष मानवेल. आपला शेवटचा रणजी करंडक १९४०-४१ चा, त्यामुळे वाट पाहण्याचा सराव घरातूनच आहे.

प्रत्यक्ष मैदानावर जायच्या भानगडीत पडू नका. ड्यूकच्या कॅमेरून स्टेडियममध्ये जागा अवघ्या ९,३१४. कॅरोलिनाविरुद्धच्या सामन्यासाठी विद्यार्थी आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. त्यांना ते शोभतं. तुम्ही तीस वर्षांचं गृहकर्ज काढलंय ते छपराखाली बसण्यासाठीच.

आता बिअर. ती गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाच्या मागे ठेवावी. पाहुण्यांना दाखवायला एखाद्या स्थानिक ब्रुअरीची आयपीए आणावी. तिचा पहिला घोट पाडव्याच्या कडुनिंबासारखा लागतो, पण पाडव्याला तोंड वाकडं करता येतं, इथे मान डोलवून “छान हॉपी आहे” म्हणावं लागतं. एकटे असाल तेव्हा साधी लाइट बिअर प्या, कुणी बघत नाही. सोबत चकली हवीच. मात्र चकली सामना सुरू होण्याआधी डब्यातून काढून ठेवा, कारण ऐन फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या) वेळी डब्याचं झाकण उघडणाऱ्यामुळे चेंडू बाहेर जातो, असा सर्वांचा अनुभव आहे.

सामना कुठल्या वाहिनीवर लागतो हे शोधण्यासाठी अर्धा तास वेगळा काढा. मार्चमधली मोठी राष्ट्रीय स्पर्धा २०११ पासून चार वाहिन्यांत वाटलेली आहे आणि तुमचा सामना हमखास ट्रूटीव्हीवर असतो. ही वाहिनी उरलेले अकरा महिने काय दाखवते, कुणी पाहिलंय? केबल तोडून स्ट्रीमिंग घेतलं असेल तर तुमचा सामना अर्धा-पाऊण मिनिट मागे चालतो. म्हणजे तुमच्या पडद्यावर खेळाडू अजून चेंडू टप्पे मारत आणतोय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर केबलवाल्या कुलकर्ण्यांचं “अरेरेरे!!!” येऊन पडलेलं असतं. फोन पालथा ठेवा. पालथा ठेवलेला फोन थरथरतो, आणि मग ती थरथर आनंदाची की दुःखाची यावर मन एकाग्र होतं. ध्यानधारणेच्या शिबिराला याहून जास्त पैसे पडतात.

ब्रॅकेट (सगळ्या स्पर्धेच्या निकालांचा आगाऊ अंदाज लिहायचा तक्ता) भरायलाच हवं का? ऑफिसात भरतात म्हणून भरावं. प्राथमिक फेरी सोडली तर चौसष्ट संघ, त्रेसष्ट सामने. सगळे निकाल नाणं उडवून बरोबर यायची शक्यता ९ च्या पुढे आणखी १८ आकडे इतक्यांत एक. २०१४ साली वॉरन बफे यांच्या पाठबळावर अचूक ब्रॅकेटला एक अब्ज डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते पैसे जिथल्या तिथे राहिले. तुम्ही मात्र डेटा सायन्समध्ये असल्यामुळे मॉडेल बनवा. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याकडून हरत नाही, हे १३५ सामन्यांच्या डेटावरून सिद्धच झालेलं होतं. मग २०१८ साली सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठानं पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं धुतलं. त्याच व्हर्जिनियानं पुढच्या वर्षी विजेतेपद घेतलं. मॉडेलमध्ये हे कुठल्या रकान्यात घालायचं ते सवडीनं ठरवा.

खरी कसोटी शेवटच्या दोन मिनिटांची. “जेवायला ये” अशी हाक आली की शांतपणे सांगायचं, “दोनच मिनिटं राहिलीत.” हे शंभर टक्के खरं असतं, पडद्यावर तसं लिहिलेलंच असतं. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो. मग दोन फ्री थ्रो. मग टाइमआउट. मग जाहिराती, त्यात विमा आणि पिकअप ट्रक. परत येऊन चार सेकंद खेळ, पुन्हा फाउल. मग चेंडू शेवटी कुणाच्या बोटाला लागला हे बघायला तिन्ही पंच मॉनिटरभोवती गोळा होतात, वधूवर मंडळात पत्रिका जुळवत असल्यासारखे गंभीर. आमटी पहिल्यांदा गरम होते, गार होते, दुसऱ्यांदा गरम होते. घड्याळात अजून ५१ सेकंद.

नेमक्या याच क्षणी आईचा व्हिडिओ कॉल येतो. यात दैव वगैरे काही नाही, साधं गणित आहे. मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे गेली की फरक साडेनऊ तासांचा होतो. सातचा सामना संपत आला की इथे रात्रीचे नऊ, तिथे सकाळचे साडेसहा. आईचा चहा झालेला असतो. कॉल घ्या, पण बिअर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर सरकवून घ्या.

“जेवलास का रे?”

“बसतोच आहे, दोन मिनिटं.”

“हातात काय होतं मघाशी?”

“ज्यूस.”

“कसला?”

या प्रश्नाची तयारी आधीच ठेवावी. सफरचंदाचा म्हणावं, रंग जुळतो. आणि बोलता बोलता तुम्ही अचानक “अरे गाढवा, सोड ना चेंडू!” असं ओरडलात, तर ते आईला उद्देशून नव्हतं हा खुलासा करण्यातच उरलेली ५१ सेकंदं जातात.

ज्याला गाढव म्हटलंत तो पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. तुमच्या हातातली बिअर त्याला इथल्या कायद्यानं अजून दोन वर्षं विकतही घेता येणार नाही. २०२१ पर्यंत तर या मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घ्यायचीही बंदी होती, प्रशिक्षक मात्र वर्षाला काही दशलक्ष डॉलर घरी नेत होते. पण या गोष्टींचा विचार मध्यांतरात करावा. वरच्या खोलीत त्याच वयाचा आणखी एक जण आहे. अजून लहान आहे म्हणून तुम्ही त्याला हायवेवर गाडी नेऊ देत नाही. वीस हजार लोक बोंबलत असताना फ्री थ्रो टाकणाऱ्याला मात्र तुमच्या हिशेबी वयाची सूट नाही.

बायकोला नियम समजावून सांगण्याचा मोह आवरा. तिला ते तुमच्यापेक्षा जास्त येतात. २०२४ ची महिलांची फायनल, साउथ कॅरोलिना विरुद्ध केटलिन क्लार्कची आयोवा, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी पाहिली आणि त्यात ती होती. महिलांचा सामना २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत होतो, पुरुष अजून वीस-वीसचे दोन भाग का ओढत बसलेत, असं ती विचारेल. उत्तर द्यायचं नाही. चकली पुढे करायची.

तुमचा संघ हरणार. अडुसष्टांपैकी सदुसष्टांचं तेच होतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून घ्यायची खरी गोष्ट एप्रिलमध्ये येते. ज्या पाच जणांची नावं, उंची आणि गुडघ्याची दुखणी तुम्ही हिवाळाभर पाठ केलीत, त्यांपैकी एक-दोघं एनबीएच्या वाटेला लागतात आणि बाकीचे ट्रान्स्फर पोर्टलमधून दुसऱ्या विद्यापीठात. एखादा तर थेट त्या दुसऱ्या निळ्या रंगात दिसू शकतो. कालपर्यंत तो आपला होता, आजपासून त्याला बचाव येत नाही.

नवी नावं पाठ करायला नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. तोवर आयपीएल आहेच. भारतातला संध्याकाळी साडेसातचा सामना इथे सकाळी दहाला सुरू होतो. नॉर्थ कॅरोलिनानं २०१७ साली कायदा बदलून, गावाची परवानगी असेल तिथे, रविवारची दारूविक्रीसुद्धा सकाळी दहापासून खुली केली. त्याला म्हणतात ब्रंच बिल, पण ही वेळ ब्रंचसाठी काढली असेल यावर मंडळातल्या कुणाचाही विश्वास नाही.