‘बेडा आला की चोरी आली’: मोठेबाबांच्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या ग्रुपवर मोठेबाबांनी परवा एक मेसेज टाकला. दावे चार. जिल्ह्यात गुन्हे दुप्पट झाले. चोऱ्या पारधी बेड्यावरचेच (बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती) करतात, कारण ती जमातच जन्मजात गुन्हेगार, इंग्रजांनीही तसं लिहून ठेवलंय. गुन्ह्याचं मूळ गरिबी. आणि अमावस्येला चोऱ्या वाढतात. खाली सल्ला: बेड्यावरच्यांना कामाला बोलावू नका. कापूस वेचणीच्या तोंडावर हे गावोगाव फिरतंय, म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच.

सुरुवात दुसऱ्या दाव्यापासून, कारण त्याने कोणाची तरी मजुरी बुडणार आहे.

इंग्रजांनी लिहून ठेवलं, हे खरं. 1871 साली त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काय केलं हे त्यात पाहायचंच नव्हतं, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे होतं. जमात यादीत चढली की पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय मुक्काम हलवायचा नाही. मोठेबाबा, तुम्ही पुरावा म्हणून जो दाखवता तो सरकारी हुकूम आहे. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना इटलीच्या लोम्ब्रोसो या डॉक्टरने 1876 मध्ये पुस्तक लिहून गाजवली: कवटी, जबडा, कान पाहून गुन्हेगार ओळखायचा. चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरने इंग्लंडच्या तुरुंगांतले सुमारे तीन हजार कैदी मोजून 1913 मध्ये दाखवलं की असा काही वेगळा शारीरिक नमुना सापडतच नाही. शंभर वर्षं होऊन गेली त्याला.

मग बेड्यावरच्यांची नावं ठाण्याच्या रजिस्टरात इतकी का? ती चढतात कशी ते पाहा. वावरातली केबल गेली. ठाण्यातून गाडी सरळ बेड्यावर. चार पोरं उचलली, दोन दिवसांनी सोडली. पोळा-गणपतीच्या आधी पुन्हा तीच पोरं, यावेळी चॅप्टर केस. चॅप्टर केस म्हणजे खबरदारीची कारवाई, त्यात गुन्हा घडलेला असावाच लागत नाही. पण पुढच्या चोरीला तीच ‘रेकॉर्डवरची नावं’ होतात आणि गाडी पुन्हा तिकडेच जाते. जिथे शोधाल तिथेच सापडेल, आणि पाटलाच्या वाड्यात कोणी शोधतच नाही. हो, बेड्यावरच्या काहींवर चोरी कोर्टात सिद्ध झालीय. गावातल्या काहींवरही झालीय, त्यांच्या आडनावावरून कोणी अख्खी जात बाद केली नाही.

बाकी काही वाचायचं नसेल तर 3 ऑक्टोबर 2024 चा सुकन्या शांता खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. तुरुंगाच्या नियमावल्यांतली जातीवरची कामवाटणी त्यात रद्द झाली. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदींवरही कोर्टाने बोट ठेवलं, आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. फासेपारध्यांचा धंदा फासे लावून तित्तर-लावा धरायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा करणं हाच गुन्हा झाला, हेही हिशोबात धरा.

आता ‘गुन्हे दुप्पट’. हा आकडा वाढलेल्या गुन्ह्यांचा की वाढलेल्या नोंदींचा? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणारी सरकारी संस्था एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात बजावते. 2020 मध्ये देशातले एकूण गुन्हे 28 टक्क्यांनी वाढले. त्या वर्षी लॉकडाऊन होतं. सरकारी आदेश मोडल्याचे कलम 188 चे गुन्हे 29 हजारांवरून सहा लाखांवर गेले, आणि चोऱ्या मात्र घटल्या. आपल्याकडे हेच दारूचं. चंद्रपुरात 2015 ते 2021 दारूबंदी होती. तीच शिशी, तोच पिणारा. बंदीत केस, बंदी उठल्यावर दुकानातून बिल. दारूबंदी असलेल्या वर्ध्यात पोलिसांची ‘वॉश आऊट’ मोहीम निघाली, मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुलं) सापडला की आकडा चढतो. त्यातून पोलिसांनी किती धाडी टाकल्या ते कळतं. आणि तालुक्यात दोनाचे चार खून झाले तर तेही ‘दुप्पट’च.

उलट जे नोंदलंच जात नाही ते बघा. मोटारसायकल चोरी नोंदली जाते, कारण विम्याला एफआयआर लागतो. खून लपवणं अवघड. केबल, स्टार्टर, बकरी, फवारणी पंप यांची नोंद क्वचितच होते: ठाणं लांब, बिल सापडत नाही, दिवसाची मजुरी बुडते. शिवाय 1 जुलै 2024 पासून पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे नुसती एनसी, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही.

गरिबीचं थोडक्यात. गरिबीनेच चोर होत असते तर कर्जात बुडालेल्या कास्तकारांनी दरोडे घातले असते. त्यांनी काय केलं ते यवतमाळला विचारा. कोहेन आणि फेल्सन या समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं की अमेरिकेत सुबत्ता वाढत असतानाच घरफोड्याही वाढल्या, कारण दिवसा घरं रिकामी राहू लागली आणि उचलून नेण्याजोग्या वस्तू वाढल्या. त्यांच्या मते चोरीला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: करणारा, उचलण्याजोगा माल आणि राखणदार नसणं. विहिरीवरची तांब्याची केबल आणि जागलीला कोणी नाही, म्हणजे दोन जुळल्याच. अमावस्येचं यात थोडं बसतं: अंधारात दिसत नाही. ग्रहांचा संबंध नाही.

बेड्यावर गस्त घालण्यापेक्षा हे करा. मोटारीवर नंबर कोरून घ्या, बिलाचा फोटो ठेवा. चोरी झाली तर केबल, स्टार्टर, मोटार यांची किंमत नुसती वेगवेगळी न लिहिता एकूण बेरीजही लिहा, पाच हजारांची रेघ तिथेच ठरते. पंप वावरातल्या कोठ्यातून गेला असेल तर ‘कोठ्यातून’ असं स्पष्ट लिहा. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये येते, तिथे किंमत कितीही असो, गुन्हा दखलपात्र. अर्जाची पोच घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नोंदवलं नाही तर तोच अर्ज पोस्टाने एसपींना पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेट आहेत. आणि मोठेबाबा, ‘संशय कोणावर’ असं विचारलं तर डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. काही पाहिलं नसेल तर ‘अज्ञात’ लिहायला लावा.