'हात आपोआप चालतो' याबद्दल

नमस्कार. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभारी आहे. मी स्वतःही अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेली, चित्रं काढते आणि रंगवताना 'हात आपोआप चालतो' असं त्या लेखात लिहिलं होतं. आधी चूक कबूल करते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातलं गायतोंड्यांचं प्रदर्शन २०१३ मध्ये नव्हे, २०१४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण आपलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. "ज्यांना चित्र काढता येत नाही तेच अमूर्ताच्या आडोशाला जातात आणि मग 'हात आपोआप चालतो' म्हणून सांगतात." मत वेगळं असू शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण "तेच"? माझं एकही चित्र समोर उभं राहून न पाहता हे कसं लिहवलं? आणि वर शेवटी "ताई, राग मानू नका". राग येईल हे ठाऊक होतं, तर शब्द जपून वापरायचे होते.

माझे वडील गोव्यात म्हापशाला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोऱ्याला खडू चोळून फळीवर सूत मारायचं, रेघ उठली की त्यावर अक्षरं. सातवी-आठवीपासून दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात असे. बाबा म्हणायचे, अक्षराकडे बघू नकोस, दोन अक्षरांच्या मधल्या जागेकडे बघ. पुढे पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरच्या कला महाविद्यालयात शिकले. तेव्हापासून कित्येक वर्षं शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात वही घेऊन बसले. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा, केळ्यांचे घड, टोपलीमागे उकिडव्या बसलेल्या बायका. त्या वह्यांनी एक पत्र्याची पेटी भरली आहे. चित्र काढता येतं हो मला!

आणि गायतोंड्यांचं काय? १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतलेला माणूस. त्यांची सुरुवातीची चित्रं बघा, माणसं आहेत त्यांत, आणि रेघ पक्की आहे. माणसं काढणं त्यांनी सोडलं, पण जमत नव्हतं म्हणून नव्हे. रोलर, सुरी, कागदाचे तुकडे घेऊन ते रंग लावायचे, उचलायचे, खरवडायचे. आणि एवढं करून वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. तुम्ही समजता तसं आपोआप होत असतं, तर ढीग पडला असता. स्वतःच्या कामाला 'अमूर्त' म्हणणंही त्यांना पटत नसे.

आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी पाहिली आहे का तुम्ही? चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. भिंत सुकायला लागली की संपलं. विचार करत बसायला वेळ नसतो, हात जातो. त्या कारागिरांना चित्र काढता येत नव्हतं, असं म्हणाल?

गेल्या पावसात एक करडा थर दिला होता. आपल्याकडच्या दमट हवेत तैलरंग सुकता सुकत नाही. आठवडा झाला तरी बोटाला चिकटत होता. रोज सकाळी खोलीत जायचं, बोट लावायचं, परत यायचं. दोनेक आठवड्यांनी सुरीची कड डाव्या कोपऱ्यात टेकवली, ओढली, आणि खालचा तांबडा वर आला, नुकत्याच कापलेल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखा. वीतभर सुद्धा गेले नसेन, हात थांबला. कुठे थांबायचं ते मी ठरवलं नव्हतं. पण दोन अक्षरांमधली जागा वर्षानुवर्षं बघितलेला हात होता तो. 'आपोआप' लिहिलं ते या अर्थाने, आणि लेख शेवटपर्यंत वाचला असता तर ते कळलंही असतं.

गोव्याशी गायतोंड्यांचं नातं मी ओढूनताणून जोडलं म्हणता. आईवडील गोव्याचे, जन्म नागपूरचा, एवढंच लिहिलं होतं. भाषा जड वाटली आणि चित्रांच्या किमती जास्त वाटल्या, त्यावर मला काही बोलायचं नाही.

तो कॅनव्हास अजून भिंतीला टेकून उभा आहे, डाव्या कोपऱ्याला मी पुन्हा हात लावलेला नाही. म्हापशाला आलात तर या, दाखवीन. वह्यांची पेटीही उघडेन. मात्र परीक्षा घ्यायला येणार असाल, तर येऊ नका.