प्रतिक्रियेला उत्तर: महिन्याला हजार रुपये जास्त, ते कशाचे?

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही जो हिशोब मांडलाय तो मला आधी स्वतः करून बघायचा होता. जुनी बिलं काढली, बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि मग लिहायला बसले.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं की तीन साध्या लॅपटॉपच्या पैशात एक चांगला येतो, म्हणून महागडा लॅपटॉप शेवटी स्वस्तच पडतो. त्यावर काका म्हणतात की हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, महाग म्हणजे टिकाऊ हा भ्रम आहे, ५२ हजाराचे तीन लॅपटॉप १ लाख ५६ हजारात होतात आणि आठ वर्षं जातात, गणित येतं का तुम्हाला, की कंपनीने पैसे दिलेत. आणि खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळीत आहे, की त्यांची मुलगी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, माझा लेख दाखवून ती ॲपलच्या १,६९,९०० च्या मॅकबुक प्रो लॅपटॉपसाठी अडून बसलीये आणि बारा महिन्यांच्या ईएमआयवर घेऊया म्हणतेय, घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाहीये.

काका, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. मी माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं पण लेखात तसं कुठेही स्पष्ट म्हटलं नव्हतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने ते स्वतःला लावून घेतलं यात तिची काही चूक नाही.

पैशाचं आधी सांगून टाकते. कंपनीने मला एक रुपया दिलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चौदा इंची मॅकबुक प्रो घेतला, १,९४,९०० ला, त्यातले एक लाख आईने एफडी मोडून दिले आणि ते फेडायला मला चौदा महिने लागले. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहते, मराठी सिरियल आणि वेबसिरीजचं सबटायटलिंग करते, सोबत लग्नाचे, छोट्या फिल्मचे व्हिडिओ एडिट करते. त्यामुळे पैसेवाले म्हणाल तर ते आम्ही नाही.

आता गणित. आधीचा लॅपटॉप मार्च २०१९ मध्ये ५२ हजाराला घेतला होता, तो ३२ महिने वापरला. मध्ये बिजागरीला ६,५०० गेले, बॅटरीला ४,०००, आणि शेवटी विकताना ८,००० आले. म्हणजे निव्वळ ५४,५००, महिन्याला साधारण १,७००. आत्ताचा ४८ महिने झाले चालतोय, गेल्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका ओळखीच्या दुकानदाराला दाखवला, तो ६५ हजार द्यायला तयार होता. १,९४,९०० मधून ते वजा केले तर १,२९,९००, महिन्याला २,७०० च्या आसपास.

म्हणजे तुमचं बरोबर आहे काका. महागडा स्वस्त पडला नाही, महिन्याला हजार रुपये जास्तच पडला. मी लेखात जे लिहिलं ते चुकीचं होतं, आणि ते मी नीट हिशोब न करता, मला लॅपटॉप आवडतो म्हणून लिहिलं होतं. (माझ्या सीएने तो धंद्याच्या खर्चात धरला, कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, त्याने थोडा फरक पडतो, पण कॉलेजच्या मुलीला त्याचा काहीच उपयोग नाही म्हणून तो मी धरतच नाही.)

मग प्रश्न एवढाच उरतो की ते हजार रुपये मी कशाचे देते, आणि तुमच्या मुलीने ते द्यावेत का.

माझं सांगते. जुन्या लॅपटॉपवर बावीस मिनिटांचा एपिसोड एक्सपोर्टला, म्हणजे त्याची शेवटची फाईल तयार करायला, लावला की पाऊण तास जायचा, पंखा असा घोंघावायचा की आई किचनमधून विचारायची मिक्सर चालू राहिलाय का, आणि त्या पाऊण तासात दुसरं काहीच करता यायचं नाही, साधा ब्राउझर उघडला तरी अडकायचा. आता तेच पाच-सहा मिनिटांत होतं. क्लायंट रात्री अकराला करेक्शन पाठवतो आणि साडेअकरापर्यंत फाईल मागतो, या धंद्यात हे रोजचं आहे, तिथे पाऊण तास आणि सहा मिनिटं यात काम हातात राहतं की जातं एवढा फरक असतो. तरी वेगापेक्षा मला जास्त फरक पडला तो स्क्रीनचा, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वस्त लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये खाली कुठेतरी ४५% एनटीएससी असं लिहिलेलं असतं. त्याचा साधा अर्थ म्हणजे नेहमीच्या व्हिडिओत आणि फोटोत जेवढे रंग असतात, ज्याला एसआरजीबी म्हणतात, त्यातले साधारण ६० ते ६५ टक्केच तो पडदा दाखवू शकतो, बाकीचे रंग फिके पडतात. मला हे माहीतच नव्हतं. एका हळदीचा व्हिडिओ एडिट करत होते, नवरीच्या गालावरची हळद माझ्या स्क्रीनवर अगदी फिकट, बेसनाच्या पाण्यासारखी दिसत होती, म्हणून मी रंग वाढवत गेले, वाढवत गेले, मला छान पिवळीधमक दिसेपर्यंत. त्यांनी घरच्या टीव्हीवर लावला तर नवरी, करवल्या, पाठीमागचा मांडव, सगळं भगवं. नवरीच्या आईचा फोन आला होता, ओरडल्या वगैरे नाहीत, एवढंच म्हणाल्या की अगं पोरीचा चेहरा भाजल्यासारखा दिसतोय. पूर्ण व्हिडिओ पुन्हा केला, दुसऱ्याकडे बसून. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. तर ते हजार रुपये मी मुख्यतः डोळ्यांना खरा रंग दिसावा याचे देते.

आणि बिजागरीचं. घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती, एक दिवस झाकण उघडताना कट् असा आवाज आला आणि स्क्रीनच्या खालची उजवी कड उचकटून वर आली. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली, सर्व्हिस सेंटरने अख्खी वरची बॉडी बदलायला सांगितली आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी तशीच लॅपटॉप उचलून लॅमिंग्टन रोडला गेले. तिथल्या कारागिराने उघडून दाखवलं, बिजागरी स्वतः पोलादी आणि घट्ट, पण तिचे स्क्रू ज्यात बसतात ते पितळेचे बारीक नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये नुसते रुतवलेले, रोज उघडझाप करून खुंट्या तडकल्या आणि नट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊनच बाहेर आले. तो म्हणाला ताई, मशीन चांगलीये, खुंटी मेली. त्याच्या टेबलावर तशाच आणखी चार बॉड्या पडल्या होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तेव्हापासून मी कुणालाही सांगते की दुकानात लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उघडून बघा, बिजागरीच्या जागी बॉडी वाकतेय का ते बघा, प्रोसेसरचा स्टिकर नंतर वाचा.

पण महाग म्हणजे टिकाऊ नाही हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याचा दाखला ज्या कंपनीचा लॅपटॉप मी वापरते तिचाच आहे. ॲपलने २०१५ पासून बटरफ्लाय कीबोर्ड द्यायला सुरुवात केली, धुळीचा कण गेला की बटण अडकायचं नाहीतर एक अक्षर दोनदा यायचं, दीड-दीड दोन-दोन लाखांच्या मशीनवर. २०१८ मध्ये त्यांना फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९ च्या शेवटी सोळा इंचीपासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणला, आणि अमेरिकेतल्या खटल्यात २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या काळात घेतलेल्यांना कुणी टिकाऊ म्हणून सांगितलं असेल तर त्यांनी काय करायचं. शिवाय या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि पाणी सांडलं तर साध्या वॉरंटीत ते बसत नाही. जुलैमध्ये गुडघाभर पाण्यातून बॅग डोक्यावर धरून घरी येणाऱ्या माणसाने हे आधी विचारात घ्यायला हवं.

आता तुमच्या मुलीबद्दल, आणि हे मी अगदी माझी धाकटी बहीण समजून लिहितेय.

मेकॅनिकल असेल तर मॅकबुक तिच्यासाठी नुसता महाग नाही, चुकीचा आहे. मेकॅनिकलला डिझाइनसाठी लागणारी सॉफ्टवेअर बघा, सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही, कॅटिया नाही, आन्सिस नाही. ऑटोकॅड आणि फ्यूजन ही डिझाइनचीच दुसरी सॉफ्टवेअर मॅकवर मिळतात, पण कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं विंडोजवर असतं, सर विंडोजवर शिकवणार, मैत्रिणींच्या फाईली विंडोजवरून येणार. पूर्वी इंटेलची चिप असलेल्या मॅकमध्ये बूटकॅम्प नावाच्या ॲपलच्याच सोयीने विंडोज टाकता यायचं, २०२० नंतर ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये ती सोय राहिलेली नाही. म्हणजे १ लाख ७० हजार घालून तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी दुसऱ्याचा लॅपटॉप मागायची वेळ येईल. हे तिला नीट सांगितलंत तर मला वाटतं ती ऐकेल, कारण ‘पैसे नाहीत म्हणून नाही’ असं ऐकणं आणि ‘तुझ्या कामाला हा उपयोगाचा नाही’ असं ऐकणं यात खूप फरक असतो त्या वयात.

वजनाचंही तिला फारसं अडत नाही. मी डोंबिवलीहून दादर, पूल चढून वेस्टर्नला, मग अंधेरी, बॅग पोटाशी धरून, तिथे जुना सव्वादोन किलोचा आणि त्याचा अर्ध्या किलोचा चार्जर संध्याकाळी खांद्यात कळ आणायचा, आत्ताचा १.६ किलोचा आहे आणि चार्जर मी बहुतेक दिवस घरीच ठेवते. तिचं कॉलेज तुम्ही माटुंग्याला लिहिलंय, करी रोडवरून तीन स्टेशनं. दोन किलोचा लॅपटॉप तिला सहज झेपेल.

मग काय घ्यावा? ६० ते ७० हजारात विंडोजचा, १६ जीबी रॅम आणि एक स्लॉट मोकळा असलेला किंवा निदान रॅम बदलता येणारा, फाईली साठवायला ५१२ जीबीची एसएसडी, आणि जमलं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड. दुकानदाराला स्पष्ट विचारा की रॅम बोर्डावर डकवलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, पातळ दिसणाऱ्यात बऱ्याचदा डकवलेलीच असते. सेकंडहँड बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे प्रोसेसर असलेली बहुतेक मशीन विंडोज ११ ला अधिकृतपणे बसत नाहीत, तीच मशीन आता स्वस्तात गळ्यात मारली जातायत.

आणि ईएमआय, त्याबाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्ते, म्हणतात त्यात व्याज असतंच, तेवढी सूट आधी देऊन ते झाकलेलं असतं, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. १,६९,९०० चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला १४,१५० च्या वर. मी आईचे पैसे फेडू शकले कारण लॅपटॉपने पहिल्या आठवड्यापासून काम आणलं. तिचा लॅपटॉप अजून तीन वर्षं तरी पैसे आणणार नाहीये, तो तिला शिकवणार आहे, आणि शिकायला ७० हजाराचं मशीन पुरून उरतं.

फक्त चोचले हा शब्द मला लागला काका, तो तेवढा मागे घ्या. एखादा सुतार चांगला रंधा घेतो, आमच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी कर्ज काढून ज्युकीचं मशीन घेतलं, त्याला आपण चोचले म्हणत नाही.

मुलीला हे वाचायला द्या. तिला म्हणावं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सिनियर्सना विचारून कुठली सॉफ्टवेअर लागतात ती नावं इथेच खाली टाक, मी प्रत्येकाची लागणारी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बघून सांगते. शनिवारी मला ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला, जायचंच आहे, तेव्हा दोन-तीन दुकानांत भावही विचारून येईन. मागच्या लेखातलं ते स्वस्त पडतो वालं वाक्य काल काढलं, त्या जागी वरचा हिशोब टाकलाय, आणि पहिल्याच ओळीत लिहिलंय की हा लेख व्हिडिओचं काम करणाऱ्यांसाठी आहे.