पगार का पडतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "स्वतःच्या ग्रीन कार्डासाठी अमेरिकेचे नियम बदला म्हणता, पण एच-वन-बीवाल्यांमुळे इथल्यांचे पगार पडतात, त्याचं काय?" असं तुम्ही विचारलंय. (एच-वन-बी म्हणजे मालकामार्फत मिळणारा अमेरिकेतल्या नोकरीचा तात्पुरता व्हिसा, ग्रीन कार्ड म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना.) माझा यात स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो. पगारांबद्दल मात्र वेगळं म्हणायचंय.

पगार पाडायला माणूस नुसता परदेशी असून भागत नाही, तो मालकाला बांधलेला असावा लागतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला गेल्या वर्षी बढती मिळत होती. वकीलबाई म्हणाल्या, कामाचं स्वरूप बदललं तर पर्म, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने करायची पहिली पायरी, पुन्हा करावं लागेल. त्याने बढती सोडली. पगारवाढीचा विषय तर तो काढतच नाही, कारण नोकरी गेली की नवी शोधायला, नाहीतर देश सोडायला हातात जेमतेम ६० दिवस. असा माणूस शेजारी असला की तुमचाही भाव पडणारच.

नोकरी बदलता येते, हे खरं. २००० सालच्या कायद्याने ते सोपंही केलं. ग्रीन कार्डाच्या रांगेतली जुनी तारीखही बहुधा टिकते. पण नव्या मालकाला पर्म पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायला दोन रविवारी छापील पेपरात जाहिरात द्यायची. रविवारचा पेपर उघडून नोकरी शोधणारा प्रोग्रॅमर मला अजून भेटायचाय! तुमच्या नोकरीचं संरक्षण म्हणतात ते हे.

आणि रांग? १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ठरली. त्यात बायकामुलंही मोजतात, आणि एका देशाला जेमतेम ७ टक्के. २०२५ च्या उन्हाळ्यात ईबी-टूमधल्या, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटातल्या, भारतीयांची तारीख १ जानेवारी २०१३ वर अडकली होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर लागत होता.

एच-वन-बीसाठी जी सोडत काढतात, त्या लॉटरीत गैरप्रकार व्हायचे, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. एकाच माणसाच्या नावाने चार-चार कंपन्या नोंदणी करायच्या. २०२४ मध्ये निवड माणसागणिक सुरू झाली आणि नोंदण्या ७ लाख ८० हजारांवरून ४ लाख ८० हजारांवर आल्या. एका नियमाने एवढा फरक पडला.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आय-१४०, म्हणजे पर्मनंतरचा मालकाचा अर्ज, मंजूर झाला की तारीख येईपर्यंत कुठेही काम करायची मुभा द्या. त्यासाठी व्हिसा एकही वाढवायला नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर लावलेली १ लाख डॉलरची फी तुम्हाला पटली, असं लिहिलंत. मला नाही पटली. एवढे पैसे मोजून आणलेल्या माणसाला कोणता मालक सहज जाऊ देईल?