शाश्वत पर्यटन घडवायचंय? मग आधी गावकरी आवरा

एखादं गाव तुमच्या मनात भरलंय. समुद्राकाठचं असेल, डोंगरातलं असेल, तळ्याकाठचं असेल, त्याने फरक पडत नाही. तिथे अजून फारसं कोणी जात नाही, आणि हीच गोष्ट तुम्हाला रात्री झोपू देत नाही. इतकी देखणी जागा, आणि तिचा उपभोग घेतंय कोण? तर तिथे राहणारे लोक! तेही फुकट, आणि कित्येक पिढ्या! हा अन्याय दूर करायचा तुमचा निर्धार झाला असेल, तर चार गोष्टी सांगतो.

पूर्वी अशा जागेचा नुसता विकास करत. तो शब्द आता जरा बदनाम झालाय, म्हणून त्याच्याआधी 'शाश्वत' लावायचं. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या करून ठेवली आहे: आजच्या पिढीच्या गरजा अशा भागवा, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणं अवघड होऊ नये. व्याख्या जरा लांब आहे. 'आजच्या गरजा भागवा' इथपर्यंत वाचलीत तरी काम होतं. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे पर्यावरण-पर्यटनाचं आणि २०१७ हे शाश्वत पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. ती दोन वर्षं त्यांची झाली. बाकीची आपलीच आहेत.

या शब्दाची खरी गंमत अशी, की काय टिकवायचं हे तो सांगत नाही. जंगल टिकवायचं, पाणी टिकवायचं, की गिऱ्हाईक टिकवायचं? समोर पर्यावरणवाला असेल तर पहिलं सांगा, सरकारी अधिकारी असेल तर दुसरं. तिसरं बँकेत सांगायचं.

सुरुवात न्हाणीघरापासून करा. टॉवेलाशेजारी हिरव्या अक्षरात एक चिठ्ठी लावा: 'पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.' एवढ्याने तुमचा धुलाईचा खर्च वाचतो, पाहुण्याला पुण्य लाभतं आणि पृथ्वीची तक्रार अजून तरी कोणाकडे आलेली नाही. अर्थात ही युक्ती जुनी आहे आणि तिच्यावर नजर ठेवणारेही जुने आहेत. जे वेस्टरव्हेल्ड नावाच्या अमेरिकी पर्यावरणवाद्याला फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये अशीच चिठ्ठी दिसली. प्रवाळ वाचवण्यासाठी टॉवेल जपून वापरा म्हणणारं ते रिसॉर्ट त्याच वेळी आपला पसारा वाढवत होतं. त्यावरून १९८६ साली त्यांनी एक निबंध लिहिला आणि जगाला 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्द मिळाला. एका टॉवेलातून एवढं निघालं. तेव्हा चिठ्ठी जरूर लावा, फक्त तिच्या शेजारच्या खिडकीतून बांधकाम दिसणार नाही एवढं बघा.

चिठ्ठी लावून झाली की पोहण्याचा तलाव भरा. पर्यटकांचा हंगाम आणि विहिरी आटण्याचा हंगाम बऱ्याच ठिकाणी एकच असतो, हा निसर्गाचा नियोजनशून्यपणा आहे, तुमचा त्यात दोष नाही. पाणी कमी पडलं तर टँकर मागवा. गावातही एक फलक लावायला विसरू नका: 'पाणी जपून वापरा.' दोन हंडे डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बाईला तो सहज वाचता येईल अशा उंचीवर असावा.

आता पैशाचं. गावात पैसा येईल, असं तुम्ही सभेत छातीठोकपणे सांगा, कारण तो येतोच. पाहुण्यासारखा येतो, रात्रभर मुक्काम करतो आणि सकाळी निघतो. विमानाचं तिकीट परक्या कंपनीचं, खोलीचं आरक्षण तिसऱ्याच देशातल्या संकेतस्थळावरून, व्यवस्थापक बाहेरचा, गाद्या बाहेरच्या, भाजीसुद्धा बाहेरची, कारण गावातली वांगी एका मापाची नसतात. अभ्यासक याला गळती म्हणतात. गळती म्हटलं की उगाच छप्पर आठवतं. आपण 'जागतिक मूल्यसाखळी' म्हणू या.

आणि रोजगाराचं काय? तो तर देणारच आहोत. ज्याची होडी होती, त्याला दुसऱ्याच्या होडीवर जीवरक्षक जाकिटं वाटायला ठेवा. जिची जमीन होती, ती त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या खोल्यांमधल्या चादरी बदलेल. सातबारा बदलला तरी माणूस तिथेच आहे, जागाही तीच आहे. यापेक्षा शाश्वत ते काय असतं!

लोकसहभाग मात्र हवाच. त्याशिवाय निधी मिळत नाही. बैठक अशा दिवशी ठेवा, की माणसं कामावर गेलेली असतील, आणि अशा वेळी, की राहिलेली जेवायला गेलेली असतील. चारशे पानी अहवाल गावात कोणी बोलत नाही अशा भाषेत असू द्या. भाषांतराचं काम सुरू आहे असं सांगा, ते नेहमीच सुरू असतं. हजेरीपटावर सह्या घ्या. आलो होतो म्हणून केलेली सही आणि मान्य आहे म्हणून केलेली सही दिसायला अगदी सारखी असते. एखादी म्हातारी उठून विचारेलच, "अहो, मग आमच्या होड्या लावायच्या कुठे?" तिला गप्प करू नका. ते जुन्या पद्धतीचं झालं. तिचं म्हणणं नीट ऐकून घ्या, मान डोलवा आणि इतिवृत्तात लिहा: 'स्थानिक महिलांकडून जेट्टीची मागणी.'

ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी आणखी जुनी वाट आहे: जागेला आधी निसर्गाचं नाव द्यायचं आणि मग माणसांना त्या निसर्गाला धोका ठरवायचं. टांझानियात मासाई गुराख्यांना सेरेंगेटीच्या मैदानांतून हलवलं आणि १९५९ साली शेजारीच न्गोरोन्गोरोचं संरक्षित क्षेत्र केलं. तिथे तुम्हाला राहता येईल, असं त्यांना सांगितलं गेलं. २०२२ पासून तिथूनही त्यांना सुमारे ६०० किलोमीटर दूरच्या गावी 'स्वेच्छेने' जायला सांगणं सुरू आहे. त्याच वर्षी शेजारच्या लोलिओंडो भागात १,५०० चौरस किलोमीटर कुरणाच्या हद्दीचे खांब रोवायला पोलीस आले, तेव्हा लोकांनी विरोध केला, गोळ्या चालल्या आणि दोन्हीकडची माणसं त्यात सापडली. जाहिरातीतल्या छायाचित्रात मासाईंची लाल शाल मात्र अजूनही झळकते. माणूस गेला तरी रंग ठेवावा. पर्यटकाला रंग लागतो.

समजा, तुमचं बेट फारच यशस्वी झालं. फिलिपिन्समधल्या बोराकायचं तसं झालं होतं. पांढरी वाळू, निळं पाणी, आणि हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला चक्क गटार म्हटलं आणि एप्रिल २०१८ पासून सहा महिने बेट बंद केलं. हातावर पोट असलेल्यांनी ते सहा महिने कसे काढले असतील, याचा हिशेब पर्यटनाच्या आकड्यांत बसत नाही, तेव्हा तुम्हीही तो मांडू नका. पुढचा भाग जास्त बोधप्रद आहे. बेटाचे मूळ रहिवासी म्हणजे आती. बेट पुन्हा उघडल्यावर सरकारने त्यांना तीनेक हेक्टर जमिनीची शेतीसाठी मालकीपत्रं दिली. काही वर्षांनी विकासकांनी हरकत घेतली, की ही जमीन शेतीलायकच नाही. हरकत मान्य झाली, आणि २०२४ मध्ये जमिनीला कुंपण पडलं. शेतीलायक नसलेली जमीन कशालायक असते, हे काही मी सांगायला नको.

थायलंडच्या माया बेनेही असाच धडा दिला, पण उलट्या बाजूने. दिवसाला पाच-पाच हजार माणसं त्या चिमुकल्या किनाऱ्यावर उतरत होती. २०१८ च्या जूनमध्ये तो बंद केला. २०२२ च्या जानेवारीत उघडला तेव्हा काळ्या पंखटोकांचे शार्क परत आले होते आणि नव्याने लावलेले प्रवाळ धरत होते. म्हणजे आपण नसलो की निसर्ग सावरतो. हा निष्कर्ष आपल्या धंद्याच्या दृष्टीने घातक आहे. माहितीपत्रकात शार्कचं चित्र घाला, ते का परतले हे घालू नका.

लोकांच्या रागाची भीती वाटते? तिचंही शास्त्र आहे. १९७५ साली डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने पाहुण्यांविषयीच्या गावकऱ्यांच्या भावनांच्या चार पायऱ्या सांगितल्या: आधी आनंद, मग अलिप्तपणा, मग चीड, मग वैर. पहिल्या पायरीवर भरपूर छायाचित्रं काढून घ्या, ती पुढची वीस वर्षं पुरतील. चौथी पायरी ओळखायची कशी, असं विचाराल, तर २०२४ च्या जुलैमध्ये बार्सिलोनात मोर्चेकऱ्यांनी बाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. राग घरांवरून होता. भाडी अशी चढली, की शहर चालवणाऱ्यांनाच शहरात राहणं परवडेना; पाहुणा एका आठवड्यात जे मोजतो, त्याच्याशी शिक्षिकेचा पगार कसा स्पर्धा करणार? तिथल्या महापालिकेने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. काय हा आततायीपणा! भटाला ओसरी एकदा दिली, त्याने हातपाय पसरले, आता त्याला उठवणं सभ्यपणाचं दिसतं का?

त्यापेक्षा व्हेनिस बघा. कसं समजूतदारपणे रिकामं झालं. १९५०च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांखाली गेला. एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे. तापमान बघावं तसं लोक येता-जाता तो बघतात. २०२३ मध्ये तिथल्या नागरिक गटांच्या मोजणीत पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त भरल्या. मग २०२४ च्या वसंतात एका दिवसासाठी येणाऱ्यांना ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क लागलं. लोक ओरडले, की शहराचं संग्रहालय करून टाकलंत. ओरडणारेही सगळे मिळून पन्नास हजारांच्या आतच.

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटमध्ये साडेसातशेच्या आसपास माणसं राहतात आणि गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात. २०२३ मध्ये सेल्फीच्या जागेवर तळं दिसू नये म्हणून गावाने लाकडी फळ्या ठोकल्या आणि आरडाओरड झाल्यावर काढल्या. मला त्या गावापेक्षा त्याची चीनमधली नक्कल आवडते. २०१२ साली ग्वांगडोंग प्रांतात तेच चर्च, तोच चौक, तीच तळ्याकाठची घरं उभी केली. तिथे कोणाच्या आजीला आवाजाने झोप लागत नाही, असं होत नाही. आजी उतरवून घेतलेलीच नाही. गावकऱ्यांशिवायचं गाव एकदा जमलं, की शाश्वत पर्यटनातली निम्मी कटकट संपली.

उरलेल्या निम्म्यासाठी पर्यटनाचे अभ्यासक रिचर्ड बटलर यांचा १९८० सालचा आराखडा पाठ करा. त्यांनी पर्यटनस्थळाचं आयुष्यच मांडून ठेवलंय: शोध, सहभाग, विकास, स्थिरता, साचलेपण, आणि शेवटी उतरती कळा किंवा नवी उभारी. शहाण्याने साचलेपणाच्या थोडं आधी आपला हिस्सा विकून दुसरं गाव बघावं. उतरती कळा गावकरी सांभाळतील. त्यांना कुठे जायचंय?

एका बाबतीत मात्र खरोखर सावध राहा. नामिबियाने १९९६ साली कायदा बदलला. सामुदायिक जमिनीवरच्या लोकांनी एकत्र येऊन आपली 'कॉन्झर्व्हन्सी' नोंदवली, तर तिथल्या वन्यप्राण्यांपासून आणि पर्यटनापासून होणाऱ्या मिळकतीवर त्यांचा हक्क, अशी ती व्यवस्था. आज अशा ऐंशीहून जास्त कॉन्झर्व्हन्सी आहेत. लॉजवाल्याला त्यांच्याशी करार करावा लागतो. एखाद्या लॉजची तर मालकीच त्यांची आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. हत्ती शेतात शिरतात, सिंह गुरं मारतात, सगळ्यांच्या पदरात सारखं पडत नाही, आणि त्यावरून भांडणंही होतात. पण ती भांडणं त्यांची त्यांच्यात होतात, हिशेबाची वही समोर ठेवून. आपल्याला 'नको' म्हणायचा अधिकार आहे, हे तिथल्या माणसांना ठाऊक आहे. ही साथ पसरू देऊ नका. प्रशिक्षण द्या, टोप्या द्या, पिशव्या द्या, वर्षातून एकदा सत्कार करा. वही आणि शिक्का मात्र तुमच्या कपाटात असू द्या.

आणि ती होड्यांचं विचारणारी म्हातारी पुढच्या बैठकीलाही येईल. तिच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा. फोटो चांगला येतो.