"साखरेला उगाच बदनाम करताय" या प्रतिक्रियेला उत्तर

साखरेने दात कसे किडतात यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी साखरेला उगाच व्हिलन केलंय, तुमचे आजोबा जन्मभर गोड खाऊनही शेवटपर्यंत दात शाबूत ठेवून गेले, दोष असलाच तर नीट ब्रश न करण्याचा, आणि एवढी भीती वाटत असेल तर मध खावा, तो नॅचरल असतो.

आधी माझी चूक कबूल करतो. "साखर दात खाते" हे वाक्य ढिसाळच होतं. साखर स्वतः दाताला काही करत नाही. दातावर जो चिकट थर जमतो ना, त्यातले बॅक्टेरिया ती साखर खातात आणि ॲसिड सोडतात, मग त्या थराखालचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. नंतर लाळ ते ॲसिड निवळवते आणि गेलेलं थोडंफार परत भरूनही काढते, पण त्यासाठी तिला बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास तरी लागतो.

माझा सगळा मुद्दा या अर्ध्या-पाऊण तासाचाच होता. चार चमचे साखर जेवणासोबत एकदाच पोटात गेली तर लाळेला पुढे निवांत वेळ मिळतो, तीच साखर दिवसभर घोटाघोटाने गेली तर तिला उसंतच नाही. मी स्वतः कामाच्या टेबलावर गोड कॉफीचा मग ठेवून दोन-दोन तास चाखत बसायचो, वर दिवसातून दोनदा ब्रश करतो म्हणून निर्धास्त, आणि कीड निघाली कुठे तर दोन दाढांच्या मधे, जिथे ब्रशचे केस पोचतच नाहीत! तेव्हा ब्रश हवाच, फ्लोराइडची टूथपेस्ट तर हवीच हवी, पण सगळं त्याच्यावर ढकलून चालत नाही.

हे माझ्या एकट्याच्या दाढेवरून बोलत नाहीये. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात विपेहोल्म इथल्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून बघितलं होतं (आज वाचताना संताप येतो, त्यांची संमती कोणी घेतली होती?). त्यात दिसलं ते हेच, की जेवणासोबतच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, दोन जेवणांच्या मधे दाताला चिकटून राहणाऱ्या टॉफीने मात्र खूप वाढली.

म्हणून तुमच्या आजोबांबद्दल मला एकच विचारायचंय, ते गोड जेवताना खायचे की दिवसभर तोंडात काहीतरी चघळत असायचे? जेवताना खात असतील तर तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत की! अर्थात लाळ किती, दातांची ठेवण कशी यानेही फरक पडतो, ते आहेच.

मधाचं मात्र अजिबात पटलं नाही. त्यातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतं, बॅक्टेरियाला लेबल वाचता येत नाही, आणि वर तो चिकट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत साखर ठेवा असं सांगितलं, शक्य असेल तर ५च्या आत, त्यात मध आणि फळांचा रससुद्धा धरलाय. २००० कॅलरी खाणाऱ्याला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम.

आणि हो, "मग एकदम पावशेर खाल्लं तर चालेल का" हे तुम्ही चिडून लिहिलंय, पण निव्वळ दाताचं विचाराल तर दिवसभर चघळण्यापेक्षा ते बरं. बाकीच्या शरीराचं मी बोलत नाही.