बेसमेंटातल्या पाण्याचा मानपान

न्यू जर्सीत घर घेताना आपण शाळांची क्रमवारी पाहिली, रेल्वे स्थानकापर्यंतचे अंतर मोजले, ओट्याचा ग्रॅनाइट हाताने चाचपून पाहिला आणि एका लख्ख उन्हाच्या दुपारी बेसमेंटमधल्या गालिच्यावर उभे राहून ‘इथे गणपती छान बसेल’ असे उद्गार काढले असतील, तर खरेदी यथासांग झाली असे समजावे. भिंतींना तळापासून दोन फुटांपर्यंतच ताजा रंग का दिला आहे, किंवा भर दुपारी कोपऱ्यात सुगंधी मेणबत्ती का जळते आहे, असे प्रश्न विचारणे सभ्य माणसाला शोभले नसते. २० मार्च २०२४ पासून या राज्यात घर विकणाऱ्याने पुराविषयीची माहिती लेखी देणे बंधनकारक झाले आहे, हे खरे. परंतु तो कागद सह्यांच्या गठ्ठ्यात येतो, आणि गठ्ठ्यातला प्रत्येक कागद वाचणाऱ्या माणसाचे घर आजवर कधी झालेले नाही.

पाणी एकदम येत नाही. ते आधी निरोप पाठवते. एके दिवशी भिंतीच्या खालच्या भागावर मिठासारखी पांढरी भुकटी दिसू लागते. आपल्या आजीने तिला पाहताक्षणी ‘लोणा लागला’ म्हटले असते. आपण मात्र शिकलेले असल्यामुळे तिला धूळ म्हणावे आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. ती पुन्हा आली, तर दुकानातून जलरोधक रंगाचा सर्वांत महाग डबा आणून भिंतीला आतून दोन हात द्यावेत. बाहेरची माती पाण्याने फुगून भिंतीवर रेटा देत असते, ते पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वाट काढत रंगाच्या पाठीमागे येऊन थांबते आणि वर्षभरात रंगाचे पोपडे सुटतात, ही तांत्रिक बाब आहे. पुढच्या वर्षी आणखी एक डबा आणावा. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून दोन दिवस ठेवला, तर थेंब मागच्या बाजूस धरतात की पुढच्या, यावरून ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेतून, हे कळू शकते. हा प्रयोग टाळावा. त्याला काही खर्च येत नाही, आणि ज्याला खर्च येत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की पाऊस पडत असताना कोणत्याही परिस्थितीत छत्री घेऊन घराबाहेर जाऊ नये. गेल्यास फार अप्रिय दृश्य दिसण्याचा संभव आहे. ओक आणि मेपलच्या पानांनी छपराचे पन्हळ काठोकाठ भरलेले असते, त्यावरून पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी कोसळत असतात, आणि जो नळ हे पाणी खाली आणतो तो घराला इतका लळा लावून असतो की पायापासून वीतभर अंतरावरच त्याचे तोंड संपते. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला, तर त्याचे सुमारे २,३६० लिटर पाणी होते. सांगली-सोलापुरात एवढ्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत बसलेली माणसे आपल्याला ठाऊक आहेत. आपण ते आपल्याच घराच्या पायात विनामूल्य मुरवतो. बांधकामाच्या नियमावलीत घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार, तोही घरापासून दूर, असावा असे म्हटले आहे. आपण मात्र भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करावा, त्याला विटांची सुबक कड बांधावी आणि आत झेंडू लावावा, म्हणजे गौरीला फुले मिळतात आणि पाण्यालाही घटकाभर टेकायला जागा होते.

नळाच्या तोंडाला जोडण्याची दहा फुटी लवचीक नळी हार्डवेअरच्या दुकानात एका कुटुंबाच्या डोसा-कॉफीच्या पैशांत मिळते, अशी कुजबुज कानावर येईल. तिच्याकडे लक्ष देऊ नये. त्याऐवजी ‘मोफत पाहणी’ करणाऱ्या तज्ज्ञास बोलवावे. तो बाहेर एकही फेरी न मारता थेट जिना उतरतो, भिंतीला एक यंत्र लावतो, यंत्र किंचाळते, आणि तो डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून पाच आकडी रक्कम सांगतो. त्या रकमेत बेसमेंटची फरशी चारी भिंतींलगत फोडून खाली चर खणला जातो, त्यात भोके पाडलेली नळी आणि खडी घातली जाते, आणि आत आलेले पाणी एका खड्ड्यात गोळा करून पंपाने बाहेर फेकले जाते. काही घरांना हा उपाय खरोखरच लागतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भूजलच वर आले तर पन्हळ बिचारे काय करणार? पण आपल्या घराला तो लागतो की नाही, हे ठरवण्याआधीच सही करण्यात जी शान आहे ती पन्हळातली पाने उपसण्यात नाही.

पंप बसला की आपण निश्चिंत व्हावे आणि त्याला पुन्हा कधीही हात लावू नये. बादलीभर पाणी खड्ड्यात ओतून तो सुरू होतो का हे पाहणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे होय. त्याला बॅटरीची जोडही देऊ नये. भारनियमनाच्या काळात गावाकडच्या घरात आपण इन्व्हर्टर बसवून दिला होता. पण तो भारत होता. येथे वीज फक्त वादळातच जाते, आणि पंपाची गरजही नेमकी तेव्हाच पडते, हा निव्वळ योगायोग आहे.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी हे योगायोग पुष्कळ घरांत घडवून आणले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस नोंदला गेला. त्या रात्री तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत माणसे बुडून मेली. हा लेख त्यांच्याविषयी नाही, ज्यांचे केवळ होम थिएटर बुडाले त्यांच्याविषयी आहे. अशांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घराची विमा पॉलिसी प्रथमच उघडली आणि तीत पुराचे पाणी वगळले असल्याचे वाचले. पुरासाठी १९६८ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारची स्वतंत्र विमा योजना आहे, पण ती सर्वसाधारणपणे तीस दिवसांनी लागू होते. म्हणजे २ सप्टेंबरला घाईघाईने घेतलेली पॉलिसी गणपती येऊन गेल्यावर, ऐन पितृपक्षात, २ ऑक्टोबरला जागी होणार. शिवाय बेसमेंटमधली घर उबदार ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी आणि पंप यांना ती योजना ओळखते. गालिचा, सोफा आणि मखराची खोकी यांना ओळखत नाही. म्हणून मौल्यवान वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून जमिनीवरच ठेवाव्यात. दिवाळी अंक सर्वांत खाली असावेत, ते उत्तम शोषून घेतात. ओला गालिचा ‘वाळेल हळूहळू’ म्हणून तसाच राहू द्यावा. एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि मुलांच्या शिंकांना परागकणांची ॲलर्जी हे नाव येथे तयारच असते.

एवढे सगळे पाळूनही एक धोका उरतो, तो म्हणजे सहा महिन्यांसाठी कोकणातून आलेले बाबा. त्यांचे आयुष्य उंच जोत्याच्या घरात, मृगाआधी पन्हळी साफ करण्यात आणि परसात चर खणण्यात गेलेले असते. पहिल्याच सरीला ते व्हरांड्यात उभे राहतात, घराला एक फेरी मारतात आणि जेवताना भात कालवता कालवता म्हणतात, “अरे, तुझा उतार घराकडे आहे.” दुसऱ्या दिवशी आपण कामावर असताना ते गराजमधले फावडे शोधून झेंडूचा वाफा फोडतात, माती भिंतीकडे ओढून घेतात आणि कुठूनतरी मिळवलेली नळी पन्हळाच्या नळाला सुतळीने बांधतात. पुढच्या पावसात बेसमेंट कोरडे राहण्याची दाट शक्यता असते, आणि मग भरलेल्या पाच आकडी रकमेचे काय करायचे, हा प्रश्न घरात उभा राहतो. यासाठी पावसाचा अंदाज दिसताच बाबांना गाडीत घालून तातडीने नायगारा दाखवायला न्यावे.